एक मॉनिटर, दोन कॉम्प्युटर: घरच्या घरी जोडणी कशी करायची

आमच्या वन बीएचकेमध्ये खिडकीजवळ एकच टेबल बसतं. त्यावर २४ इंची मॉनिटर, आणि टेबलाखाली मुलीच्या डिप्लोमासाठी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप. माझं ऑफिस आठवड्यातले तीन दिवस घरून. दिवसभर आकड्यांच्या शीट बघायच्या, त्याही लॅपटॉपच्या १४ इंची स्क्रीनवर, म्हणजे संध्याकाळपर्यंत डोळ्यांचं भजं. मग मॉनिटर दिवसा माझा आणि संध्याकाळनंतर तिचा, अशी वाटणी झाली.

पहिले काही महिने आम्ही करायचो काय, तर टेबलाखाली वाकून तिच्या डेस्कटॉपची एचडीएमआय केबल उपटायची आणि माझ्या लॅपटॉपमध्ये खुपसायची. संध्याकाळी उलट. "आई, तुझं झालं का? मला सबमिशन आहे," हे ऐकलं की पुन्हा वाका. शेवटी लॅपटॉपचं पोर्ट सैल झालं. केबलला नुसता कोपर लागला तरी चित्र गायब. तेव्हा कुठे बसून नीट शोधाशोध केली, आणि कळलं की हा सगळा उपद्व्याप पहिल्या दिवसापासूनच नको होता.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना घाबरायला होणार नाही. चित्राचा प्रश्न बहुतेक घरांत एका जादा केबलच्या पैशात सुटतो. खरं डोकं खातो तो कीबोर्ड-माउसचा प्रश्न. दुकानदार पहिल्या प्रश्नासाठी महागाची वस्तू विकतात, आणि दुसरा प्रश्न तुम्हाला घरी आल्यावर कळतो.

लागणारं सामान

सगळं एकदम आणू नका. सुरुवातीला एवढंच पुरे:

- मोबाइलचा टॉर्च आणि कॅमेरा
- मॉनिटरचा मॉडेल नंबर (मागच्या स्टिकरवर असतो)
- आत्ता वापरात असलेली केबल, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरसाठी एक जादा केबल (कुठली, ते पायरी ३ मध्ये)
- दोन रंगांचा दोरा किंवा चिकटपट्टी
- अर्थिंग असलेला, तीन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड

१. मॉनिटरच्या पाठीमागे बघा

मॉनिटर पुढे वाकवा, टॉर्च मारा आणि मागच्या सगळ्या पोर्टचा फोटो काढा. तोंडी वर्णनावर दुकानात जाऊ नका. "ते चपटं असतं ना, तसलं" म्हटल्यावर एचडीएमआयही मिळू शकतं आणि डिस्प्लेपोर्टही.

ओळखायचं असं. एचडीएमआय चपटं, खालचे दोन्ही कोपरे तिरके कापलेले. डिस्प्लेपोर्टही चपटंच, पण त्याचा एकच कोपरा कापलेला, आणि त्याच्या पिनेला बहुधा दाबून सोडवायची खिट्टी असते. व्हीजीए म्हणजे जुनं निळं, १५ टाचण्यांचं, दोन बाजूंना स्क्रू असलेलं. डीव्हीआय पांढरं, रुंद आणि भरपूर टाचण्यांचं. यूएसबी-सी म्हणजे हल्लीच्या मोबाइल चार्जरचं लांबट गोल.

साध्यातल्या साध्या मॉनिटरलाही बहुधा दोन इनपुट असतात, एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए, किंवा दोन एचडीएमआय. आमच्या मॉनिटरला एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट निघालं. डिस्प्लेपोर्टवर कंपनीचं प्लॅस्टिकचं टोपण तसंच होतं, इतके महिने कोणी काढलंच नव्हतं.

दोन इनपुट असतील तर चित्रापुरतं तुमचं काम जवळजवळ झालं. दोन्ही केबल कायमच्या लावून ठेवायच्या आणि बटणाने इकडून तिकडे जायचं. एकच इनपुट असेल, तरच वेगळी वस्तू लागते. ती म्हणजे एचडीएमआय स्विच.

इथे मी फसले. स्टेशनजवळच्या एका दुकानात जाऊन म्हटलं, "एक मॉनिटर आहे, दोन कॉम्प्युटर लावायचेत." दुकानदाराने एक डबी दिली. घरी आणून लावली, तर काहीच होईना. नंतर कळलं, ती स्प्लिटर होती. स्प्लिटर एका कॉम्प्युटरचं चित्र दोन मॉनिटरवर दाखवतो. आपल्याला हवं होतं नेमकं उलट. दिसायला दोन्ही डब्या सारख्याच, तीन तोंडांच्या. डबीवर वाचा: दोन 'इन' आणि एक 'आउट' असेल तर तो स्विच. एक 'इन' आणि दोन 'आउट' असतील तर तो स्प्लिटर, परत ठेवा. शिवाय माझ्या मॉनिटरला दोन इनपुट होते, म्हणजे मला स्विचही लागत नव्हता. ती डबी अजून ड्रॉवरमध्ये आहे. कोणाला एकाच लॅपटॉपवरून दोन टीव्ही लावायचे असतील तर घेऊन जा.

२. दोन्ही कॉम्प्युटरना काय आहे ते बघा

डेस्कटॉपच्या पेटीला आपण सगळे सीपीयूच म्हणतो, तर त्या सीपीयूच्या मागे दोन ठिकाणी मॉनिटरचे पोर्ट असू शकतात. वरच्या भागात, यूएसबी पोर्टच्या शेजारी असतात ते मदरबोर्डचे. खाली आडव्या पट्टीत असतात ते ग्राफिक्स कार्डचे, म्हणजे चित्रासाठी वेगळ्या बसवलेल्या कार्डाचे. कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावा. वरच्या पोर्टला लावली तर एक तर काळी स्क्रीन मिळेल, नाहीतर पैसे मोजून घेतलेलं कार्ड बाजूला बसून राहील.

लॅपटॉपला एचडीएमआय असेल तर सोपं. पातळ लॅपटॉपना हल्ली नुसते यूएसबी-सी असतात, आणि इथे दुसरी फसगत. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही. काही पोर्ट फक्त डेटासाठी, काही डेटा आणि चार्जिंगसाठी. पोर्टशेजारी विजेच्या बाणाचं चिन्ह असेल तर ते थंडरबोल्ट, त्यातून चित्र येतं. 'डी' आणि 'पी' एकात एक गुंफल्यासारखं चिन्ह असेल तरी येतं. काहीच चिन्ह नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेलचा तपशील कंपनीच्या साइटवर बघा. त्यात 'डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड' असे शब्द शोधा, आणि ते सापडल्याशिवाय कन्व्हर्टर विकत घेऊ नका.

आणखी एक गैरसमज, कारण माझ्या भावानेही हाच प्रश्न विचारला होता: "जुना लॅपटॉप पडून आहे, त्याचीच स्क्रीन मॉनिटर म्हणून वापरू का?" लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर सोडतो, आत घेत नाही. दोन लॅपटॉप एचडीएमआय केबलने एकमेकांना जोडून काहीही होत नाही.

३. योग्य केबल घ्या

दोन्हीकडे सारखाच पोर्ट असेल तर साधी केबल. वेगवेगळे असतील तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कन्व्हर्टरला दिशा असते. कॉम्प्युटरकडचं टोक कुठलं आणि मॉनिटरकडचं कुठलं, हे दुकानात मोठ्याने बोलून दाखवा.

- कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरला एचडीएमआय: साधी, स्वस्त केबल चालते.
- कॉम्प्युटरला एचडीएमआय, मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट: वरची केबल उलटी लावून चालत नाही. आत सर्किट असलेला वेगळा कन्व्हर्टर लागतो. त्याला बहुधा वीज घेण्यासाठी यूएसबीची शेपटी असते.
- कॉम्प्युटरला एचडीएमआय, मॉनिटरला व्हीजीए: सर्किटवाला कन्व्हर्टर, सहज मिळतो. उलट दिशेसाठीची वस्तू वेगळी.
- डीव्हीआय आणि एचडीएमआय: साधा अडॅप्टर दोन्ही दिशांनी चालतो. आवाजाची मात्र खात्री धरू नका.
- कॉम्प्युटरला यूएसबी-सी, मॉनिटरला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट: लॅपटॉपमधून चित्र येत असेल तर सरळ केबल मिळते.

माझं गाडं दुसऱ्या ओळीत अडकलं होतं. लॅपटॉपला एचडीएमआय, आणि मॉनिटरचं मोकळं पोर्ट डिस्प्लेपोर्ट. कन्व्हर्टरच्या शोधात दोन दिवस गेले. मग मुलगीच म्हणाली, "अगं आई, माझ्या कार्डला डिस्प्लेपोर्ट आहे की. मी तिकडे जाते, तू एचडीएमआय घे." साधी डिस्प्लेपोर्ट केबल आणली, प्रश्न मिटला. तेव्हा खरेदीआधी कागदावर चारही बाजूंचे पोर्ट लिहा आणि अदलाबदल करून बघा.

केबल दोन मीटरपेक्षा लांब घेऊ नका, गरज नसते. मॉनिटर फुल एचडी असेल (१९२० बाय १०८०) तर कुठलीही बरी एचडीएमआय केबल चालते. फोर-के असेल तर जरा बघून घ्या. एचडीएमआय १.४ चा पोर्ट फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवू शकतो, ६० वेळा पाठवायला २.० लागतं. ३० वर चित्र दिसतं अगदी स्वच्छ, पण माउसचा बाण रेंगाळतो, चिखलातून चालल्यासारखा. जुना लॅपटॉप आणि नवा फोर-के मॉनिटर अशी जोडी असेल तर दोष केबलचा नसतो, लॅपटॉपच्या पोर्टचा असतो.

जोडणी झाली की प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाचा दोरा बांधा. माझा लाल, मुलीचा पिवळा. सहा महिन्यांनी टेबल साफ करताना आठवण येईल.

४. बटणाने इनपुट बदला

मॉनिटरच्या खालच्या कडेला किंवा पाठीमागे बटणं असतात, काहींना छोटी दांडी असते. मेनूमध्ये 'इनपुट' किंवा 'सोर्स' शोधा. एकदा माझा एचडीएमआय, एकदा तिचा डिस्प्लेपोर्ट, असं बदलून बघा. दोन्ही कॉम्प्युटर चालू असताना बदललं तरी काही बिघडत नाही. मॉनिटर एकाकडे बघतो, दुसरा आपलं काम चालू ठेवतो. मी मीटिंगमध्ये असले तरी तिचं डाउनलोड थांबत नाही.

याच मेनूत 'ऑटो सोर्स' नावाची सोय असते. ती चालू असेल, तर चालू कॉम्प्युटरचं चित्र बंद झालं की मॉनिटर आपणहून दुसऱ्याकडे जातो. शिस्तीच्या घरात ही फुकटची सोय आहे: मी काम संपवून लॅपटॉप स्लीपवर टाकला की स्क्रीन तिच्याकडे. पण काही मॉनिटर दुसरीकडे नुसती हालचाल झाली तरी उडी मारतात. जीएसटीचे आकडे जुळवत असताना समोर एकदम मुलीच्या गेमचा वॉलपेपर आला, असं आमच्याकडे दोनदा झालं. मांजर टेबलाखाली शिरून माउसची वायर ओढत होतं, आणि तिचा डेस्कटॉप जागा होत होता. मी ऑटो बंद करून टाकलं. तुमच्याकडे मांजर नसेल तर चालू ठेवून बघा.

बटण दाबायचाही कंटाळा आला तर आणखी एक वाट आहे. बऱ्याच मॉनिटरना डीडीसी/सीआय नावाची सोय असते, म्हणजे कॉम्प्युटर त्याच केबलमधून मॉनिटरला हुकूम देऊ शकतो. आधी मॉनिटरच्या मेनूत ती चालू आहे ना ते बघा. मग विंडोजवर 'कंट्रोलमायमॉनिटर' हा फुकट, छोटा प्रोग्राम किंवा लिनक्सवर 'डीडीसीयूटिल' वापरून इनपुट बदलता येतं. इनपुटच्या हुकुमाचा क्रमांक ६०. प्रमाणानुसार डिस्प्लेपोर्टसाठी १५, पहिल्या एचडीएमआयसाठी १७ आणि दुसऱ्यासाठी १८ हे आकडे असतात, पण काही कंपन्या आपलेच आकडे चालवतात, त्यामुळे एकदा करून बघावं लागतं. मुलीने डेस्कटॉपवर एक शॉर्टकट करून ठेवलाय, 'आईला दे' नावाचा. त्यावर क्लिक केलं की स्क्रीन माझ्याकडे येते.

५. लॅपटॉपची सेटिंग

केबल लावली की विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबा. चार पर्याय येतात. 'डुप्लिकेट' घेतलं तर दोन्हीकडे एकच चित्र, आणि मोठ्या मॉनिटरला छोट्या स्क्रीनच्या मापात कोंबलं जातं. 'एक्स्टेंड' घ्या, म्हणजे दोन स्क्रीन मिळतात. लॅपटॉप मिटून फक्त मॉनिटर वापरायचा असेल तर 'सेकंड स्क्रीन ओन्ली'.

लॅपटॉप मिटून ठेवायचा असेल तर तो झोपी जाऊ नये म्हणून कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जा. झाकण बंद केल्यावर काय करायचं, अशा अर्थाची ओळ सापडेल. तिथे चार्जर लावलेला असतानाच्या रकान्यात 'डू नथिंग' निवडा, बॅटरीच्या रकान्यात नको. नाहीतर लॅपटॉप चालूच राहील, तुम्ही तो बॅगेत घालाल आणि लोकलमधून उतरेपर्यंत बॅग इस्त्रीसारखी तापलेली असेल. मॅकबुक मिटून वापरायचा असेल तर चार्जर लागलेला हवा आणि बाहेरचा कीबोर्ड-माउस जोडलेला हवा.

इनपुट बदलल्यावर सगळ्या खिडक्या गोळा होऊन लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर ढीग होऊन बसतात, ही तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे. काही मॉनिटर इनपुट बदललं की कॉम्प्युटरला 'मी गेलो' असं कळवतात, आणि हे डिस्प्लेपोर्टवर जास्त होतं. विंडोज ११ मध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे 'मॉनिटरप्रमाणे खिडक्यांची जागा लक्षात ठेव' अशा अर्थाची खूण आहे. ती चालू करा. मॉनिटर परत आला की खिडक्या बहुतेक वेळा आपापल्या जागी जातात.

टास्कबार कडेला कापला गेला, तर मॉनिटर कॉम्प्युटरला टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स समजतोय. मॉनिटरच्या मेनूत 'ओव्हरस्कॅन' बंद करा. टीव्ही असेल तर 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' असल्या नावांनी ते सापडतं.

६. कीबोर्ड आणि माउस

आता खरी गोष्ट. स्क्रीन बटणाने बदलते, पण टेबलावर दोन कीबोर्ड, दोन माउस आणि चहाचा कप एकत्र मावत नाहीत. पहिला आठवडा मी चुकीच्या माउसवर हात ठेवून "बाण हलत का नाही" म्हणत बसायचे. पर्याय असे, स्वस्तातून महागाकडे:

पहिला, काहीच न करणं. लॅपटॉप टेबलावर उघडा ठेवा, त्याचाच कीबोर्ड वापरा, मॉनिटर बाजूला. दिवसाला तासभर काम असेल तर एवढं पुरतं. मान मात्र दुखते.

दुसरा, यूएसबी स्विच. ही काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. कीबोर्ड-माउस तिच्यात लावायचे आणि तिच्या दोन वायरी दोन कॉम्प्युटरना. वरचं बटण दाबलं की कीबोर्ड-माउस इकडून तिकडे. प्रिंटर आणि पेनड्राइव्हही चालतात. मी हेच घेतलं, हजार रुपयांच्या आत मिळालं. आता रोज दोन बटणं दाबावी लागतात, एक डबीचं आणि एक मॉनिटरचं. त्याची सवय होते. घेताना एवढंच बघा की वायरी तुमच्या टेबलाला पुरतील. आमची एक वायर सीपीयूपर्यंत चार बोटं कमी पडली आणि सीपीयूच सरकवावा लागला.

तिसरा, एकापेक्षा जास्त कॉम्प्युटरना जोडता येणारा ब्लूटूथ कीबोर्ड. लॉजिटेकचा के-३८० तीन उपकरणं लक्षात ठेवतो, एफ१ ते एफ३ या बटणांनी बदलायचं. वायरी नाहीत, टेबल मोकळं. पण असेंबल केलेल्या डेस्कटॉपला ब्लूटूथ असेलच असं नाही, बारीकसा डोंगल घ्यावा लागतो. आणि विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसच्या पडद्यावर ब्लूटूथ कीबोर्ड बहुधा चालत नाही. म्हणून जुना वायरवाला कीबोर्ड भंगारात टाकू नका, माळ्यावर ठेवा.

चौथा, सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये 'माउस विदाउट बॉर्डर्स' आहे. एकाच नेटवर्कवरच्या दोन विंडोज कॉम्प्युटरमध्ये बाण एका स्क्रीनच्या कडेवरून दुसऱ्या स्क्रीनवर जातो. दोन्ही कॉम्प्युटर तुमचे स्वतःचे असतील तर जरूर वापरा. ऑफिसचा असेल तर पायरी ८ वाचा.

७. केव्हीएम कधी घ्यावा

केव्हीएम म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माउस. एकच बटण, तिन्ही एकदम बदलतात. दिवसातून आठ-दहा वेळा इकडून तिकडे जायचं असेल तरच घ्या. दोनदाच जायचं असेल तर यूएसबी स्विच आणि मॉनिटरचं बटण पुरतं. दोन आठवडे बटणं दाबून बघा, वैताग आला तरच खर्च करा.

घेताना बघायच्या गोष्टी:

तुमच्या मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि ६० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र), दोन्ही डबीवर लिहिलेलं हवं. नुसतं 'फोर-के' लिहिलेलं असलं की आत ३० हर्ट्झ निघण्याची शक्यता असते. मुलांचा गेमिंग मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर स्वस्त केव्हीएम त्याला खाली ओढेल.

'ईडीआयडी' हा शब्द शोधा. मॉनिटर आपली ओळख कॉम्प्युटरला सांगतो, ती माहिती म्हणजे ईडीआयडी. चांगला केव्हीएम ही ओळख पाठ करून ठेवतो आणि तुम्ही दुसरीकडे असतानाही पहिल्या कॉम्प्युटरला मॉनिटर लागलेलाच आहे असं भासवतो. मग खिडक्यांचा ढीग होत नाही. साध्या केव्हीएममध्ये हे नसतं.

वायरी खोक्यात आहेत का, ते विचारा. नसतील तर एचडीएमआयच्या तीन आणि यूएसबीच्या दोन वायरींचे पैसे वेगळे जातात.

पुष्कळ केव्हीएम स्क्रोल लॉक किंवा कंट्रोल दोनदा दाबलं की बदलतात. वायरलेस माउस-कीबोर्डचा डोंगल कीबोर्डच्या खास खाचेत लावला तर कधी कधी चालत नाही. तो साध्या यूएसबी खाचेत लावून बघा.

नवा मॉनिटरच घेणार असाल तर 'बिल्ट-इन केव्हीएम' असलेला बघा. कीबोर्ड-माउस मॉनिटरलाच लागतात आणि इनपुटबरोबर बदलतात. लॅपटॉपला यूएसबी-सीची एकच वायर: चित्र, कीबोर्ड, माउस आणि चार्जिंग सगळं त्यातून. मात्र मॉनिटर किती वॅट देतो ते वाचा. बऱ्याच ऑफिस लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा असतो. मॉनिटर १५ वॅट देत असेल तर काम करता करता बॅटरी उतरत जाईल.

आवाजाबद्दल दोनच वाक्यं. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टमधून आवाजही जातो, त्यामुळे लॅपटॉप जोडला की आवाज कधी कधी मॉनिटरकडे वळतो आणि मॉनिटरला स्पीकर नसेल तर मीटिंगमध्ये शुकशुकाट होतो. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आउटपुट बदला.

८. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर

मॉनिटर, केबल आणि कीबोर्ड जोडायला सहसा कोणाची हरकत नसते. पण प्रोग्राम टाकायचा असेल तर आयटीवाल्यांना मेल करा, तोंडी विचारू नका. माउस शेअर करणारे प्रोग्राम नेटवर्कवरून कीबोर्डची अक्षरं आणि क्लिपबोर्डसुद्धा नेतात. काही कंपन्यांत यूएसबी पोर्टवर पेनड्राइव्ह बंद असतो, मग यूएसबी स्विचला पेनड्राइव्ह लावून ठेवलात तर लॅपटॉपवर इशारा झळकतो. माझ्या सहकाऱ्याला त्यासाठी लेखी खुलासा द्यावा लागला होता. स्विचला फक्त कीबोर्ड आणि माउसच ठेवा.

डेस्कटॉपवर बसून लॅपटॉप रिमोटने चालवू, असाही विचार येतो. ज्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून शिरायचं, त्याला विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम चालत नाही. आणि ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये असं शिरणं बहुतेक ठिकाणी नियमात बसत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

९. वीज आणि अर्थिंग

हे कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर सांगते. आमची बिल्डिंग जुनी. लॅपटॉपला केबल लावली आणि धातूच्या झाकणावर मनगट टेकलं की बारीक झिणझिण्या यायच्या, मुंगी चालल्यासारख्या. आधी वाटलं माझाच हात बधिर झालाय. मग अनवाणी पायांनी फरशीवर उभं राहून सीपीयूच्या पत्र्याला बोट लावलं, तिथेही तेच.

कारण असं: डेस्कटॉपच्या आतल्या पॉवर सप्लायमधून थोडीशी गळती पत्र्यावर येते, ती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी. भिंतीतल्या बोर्डला तिसरं भोक होतं, पण मागे अर्थची वायरच नव्हती. मॉनिटरच्या केबलचं धातूचं आवरण दोन्ही कॉम्प्युटरना जोडतं, त्यामुळे एकाचा करंट दुसऱ्यापर्यंत. अशा अवस्थेत चालू कॉम्प्युटरमध्ये पिन घालताना ठिणगी उडाली तर पोर्ट जाऊ शकतं.

वायरमनला बोलवा, फेज आणि अर्थमध्ये मीटर लावून मोजायला सांगा. २३० व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ठीक. आमच्याकडे ९० दाखवत होता. नवी अर्थ ओढून घेतल्यावर झिणझिण्या थांबल्या. तोवर दोन्ही कॉम्प्युटर आणि मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर ठेवा आणि केबल लावताना तिन्ही बंद करा. आणि कोणी "तिसरी पिन कापून टाका, बोर्डात बसेल" म्हणालं तर ऐकू नका.

१०. स्क्रीन काळी राहिली तर

या क्रमाने बघा. मॉनिटरवर 'नो सिग्नल' दिसतंय का? दिसत असेल तर मॉनिटर ठीक आहे, इनपुट चुकीचं निवडलंय किंवा कॉम्प्युटर झोपलाय. कीबोर्डवर स्पेस दाबा, पण कीबोर्ड आत्ता कुठल्या कॉम्प्युटरला आहे ते आधी बघा. आमच्याकडची निम्मी 'बिघाडं' इथेच संपतात.

लॅपटॉपवर विंडोज आणि 'पी' दाबा. 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडलं गेलं असेल.

तरी नाही? विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि 'बी' ही चार बटणं एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर लुकलुकते, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. काम बंद पडत नाही.

मॉनिटरची पॉवरची पिन काढा, मिनिटभर थांबा, परत लावा. नुसतं बटणाने बंद करून चालत नाही, पिनच काढायची.

मधला स्विच किंवा कन्व्हर्टर बाजूला काढून सरळ केबल लावा. चित्र आलं तर दोष त्या डबीचा. सरळ लावूनही आलं नाही, तर पोर्ट जुळत असतील तिथे दोन कॉम्प्युटरच्या केबल आपसात बदला. दोरा कुठला कुठे गेला ते लिहून ठेवा. माझा लाल दोरा एकदा असाच मुलीच्या सीपीयूला जाऊन बसला, आणि पुढचे तीन दिवस 'आईला दे' दाबलं की मॉनिटर माझ्याऐवजी तिच्याकडेच जात होता.